काहून वाळली?

आमच्या घरी कोणीही आलं, की आई पाणी विचारायच्या आधी त्याला नीट न्याहाळायची आणि म्हणायची, "काहून रे, इतका वाळला?" माणूस मराठी नसला तर तेच हिंदीत, "दुबला गए, भैया!" गॅसचं सिलिंडर खांद्यावर घेऊन येणारा धट्टाकट्टा गडी असो की समोरच्या घरातली दुबेचाची, आईला सगळे वाळलेलेच दिसत. चाची बसली की रिक्षात दुसऱ्याला जागा उरत नसे. ती तर हे ऐकायलाच यायची. "पूरे घमापुर में एक दीदी ही हैं, जिनको मैं दुबली दिखती हूँ," म्हणत ती पलंगावर टेकायची आणि पलंग कुरकुरायचा. गल्लीतल्या पोरांनी आईचं नावच 'दुबलावाली अम्मा' पाडलं होतं.

दुबलावाली अम्मा स्वतः मात्र चांगली भरभक्कम होती. हसली की आधी पोट हलायचं, मग आवाज यायचा. लग्न होऊन वर्ध्याकडून जबलपूरला, या घमापुरात आली. बाबा गावातल्याच रिछाई भागातल्या एका कारखान्यात फिटर होते. हिवाळ्यात जवळच्या पनागरचे मटार आले की ती पोतंभर घ्यायला लावायची आणि सोलता सोलता निम्मे तोंडात टाकायची. मी ओरडले तर म्हणायची, "सोलणाऱ्याचा हक्क असते तो." बाबा गेल्यावरही तिनं ताटाकडे पाठ फिरवली नाही. "ते कधी उपाशी झोपले नाही, मी काहून झोपू?" एवढं बोलून डोळे पुसायची आणि भाकर मोडायची.

तीच आई वाळायला लागली. आधी बांगड्या कोपरापर्यंत जाऊ लागल्या, मग ब्लाउज खांद्यावरून घसरू लागले. पलंगावरून उठताना माझा हात धरावा लागे. एकदा न्हाणीत तिचे गुडघेच मुडपले आणि ती बादलीसकट खाली बसली. लागलं नाही. आवाज ऐकून मी धावत गेले. आणि ही ओल्या अंगानं म्हणते, "उठव नं आता! का इथंच घर मांडू?"

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून घेतल्या. मोठा आजार कोणताच निघाला नाही. मग त्यांनी तिला तोंड उघडायला सांगितलं, तेव्हा खरी गोष्ट कळली. वयानं जबडा झिजून कवळी सैल झाली होती, चावताना हिरड्या सोलून निघत होत्या, आणि बाईसाहेब आपली भाकर खिडकीतून गायीला घालत होत्या. मी विचारलं, "सांगितलं काहून नाहीस?" तर म्हणे, "एवढ्याशासाठी काय सांगायचं! गाय खूश होती." डॉक्टरांनी समजावलं की कवळी नवी करा, थोडं थोडं पण सारखं खाऊ घाला, दूध, तूप, अंडी, डाळ, आणि रोज चालवा, नाही तर पायातलं बळ जाईल. आईनं सगळं मान डोलावून ऐकून घेतलं आणि निघताना म्हणाली, "डॉक्टर साहब, आप भी दुबला गए."

कवळी नवी आली, भूक मात्र आली नाही. मी शिकवते ती शाळा सकाळची. दुपारी घरी आले की मी वाटी घेऊन तिच्यापुढे उभी राहायची. एक घास झाला की दुसरा. शेवटी तिनं वाटी बाजूला सारली. "तू मला खाऊ घालून राहिली, का पोलिसासारखी चालान फाडून राहिली?" मला हसूही आलं आणि रडूही. वॉकर आणला तर त्यावर तिनं टॉवेल वाळत घातला.

अशातच एका दुपारी चाची मटार घेऊन आली. तिचा मुलगा आणि सून नोकरीसाठी नुकतेच पुण्याला गेले होते. बोलता बोलता ती म्हणाली, "अकेले के लिए कौन बनाए दीदी, सुबह से चाय-टोस्ट पर हूँ."

"बाप्पा!" आई एकदम ताठ बसली. "तभी तो इतनी दुबला गई!" तिनं वॉकरवरचा टॉवेल फेकला आणि वॉकर धरून स्वतःच्या पायांनी स्वयंपाकघरात गेली. स्टुलावर बसून मला फर्मान सोडलं, "पातोडी कर. रस्सा झणझणीत पाहिजे, पाणी नको ओतू." बेसनाच्या वड्या रस्स्यात पडल्या, दोघी समोरासमोर बसल्या. आई चाचीला "और लो, और लो" करत होती, आणि चाचीनं घ्यावं म्हणून स्वतःही घेत होती. कित्येक दिवसांनी तिचं ताट रिकामं झालेलं मी पाहिलं.

चाचीला मी दारात गाठलं. "चाची, रोज आओगी?" तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "आऊँगी. पर दीदी को मत बताना."

मग चाची रोज यायला लागली. सकाळीच आईचं सुरू, "आज वडाभात कर, तिला आवडते. वरून तूप घाल, एकटी बाई आहे बिचारी." वॉकरच्या खटखट आवाजानं घर भरून गेलं. मी आत घेतलेल्या ब्लाउजांची शिवण पुन्हा उसवावी लागली. चाचीला मात्र तिच्या डॉक्टरांनी साखरेवरून चांगलंच झापलं. तेव्हापासून ती बशीभरच घ्यायची, पण आईचं जेवण होईपर्यंत उठायची नाही.

एकदा न राहवून मी आईला म्हटलं, "तुला माहीत आहे का, चाची कशासाठी येते?"

"माहीत आहे नाही तं काय! ती माझ्यासाठी येते, अन् मी तिच्यासाठी खाते. तू मधात नको पडू."

पुन्हा पूर्वीसारखी भरभक्कम ती काही झाली नाही. पण अजून दोन हिवाळे तिनं हसत काढले आणि एका दुपारी, जेवून आडवी झाली असताना, झोपेतच गेली.

त्या शेवटच्या हिवाळ्यात तिला जिना चढवेना आणि उन्हात बसायची तर फार हौस. एका रविवारी मी तिला दोन्ही हातांवर उचललं. तिनं माझ्या गळ्यात हात टाकले आणि निम्म्या जिन्यात तिला हसू फुटलं.

"हसू नको आई, पडू आपण!"

"पड. तुझ्याखाली आली तं माझा पापड होईल, उन्हातच वाळव."

गच्चीवर तिला खुर्चीत ठेवायला वाकले, तर तिनं गळ्यातली मिठी सोडली नाही. "खाली काहून ठेवून राहिली? मस्त वाटून राहिलं. फिरव थोडी."

मी तिला घेऊन पाण्याच्या टाकीपासून कठड्यापर्यंत गेले. समोरच्या गच्चीवरून चाची ओरडली, "अरे दीदी, ये क्या ठाठ हैं!" आईनं राणीसारखा हात हलवला. "देख लो, और नजर मत लगाओ!"

माझे हात भरून आले होते. मी आणखी एक चक्कर मारली.