सोलोचं पाणी

त्यांनी माझ्या अंगावर जे पाणी ओतलं, ते मासळीचं होतं.

खरं तर साधं पाणी ओततात. विमान शिकणारा पहिल्यांदा एकटा वर जाऊन सुखरूप उतरला की बाकीचे विद्यार्थी त्याच्यावर बादली रिकामी करतात. एकट्याच्या त्या पहिल्या उड्डाणाला सोलो म्हणतात, आणि तशी रीतच आहे. आमच्या बॅचमधल्या सगळ्यांवर ओतलं होतं. नळाचं, स्वच्छ. माझ्या वेळी थर्माकोलची पेटी आली. वितळलेला बर्फ, खवले, कोलंबीची डोकी. ओतणारा आमच्यातलाच, एका बिल्डरचा मुलगा. तेवढ्यासाठी सकाळी गाडी काढून बाजारात गेला होता. म्हणाला, "तुझ्यासाठी स्पेशल. घरच्यासारखं वाटावं म्हणून."

सगळे हसले. आमचे मुख्य शिक्षक, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो, ते मोबाइलवर शूटिंग करत होते. तेही हसले. आणि मीही हसले. पाणी डोळ्यांत गेलं होतं, डोळे चुरचुरत होते, आणि मी दात दाखवत उभी होते.

दहा मिनिटांपूर्वी मी वर होते. त्याआधी धावपट्टीवर सर विमानातून खाली उतरले, दार लावलं. शेजारची सीट रिकामी. एका माणसाचं वजन कमी झालं की विमान लवकर जमीन सोडतं, हे वर्गात शिकवतात. तरी मी एकदा शेजारी वळून पाहिलं. धावपट्टीभोवती एकच फेरी. चाकं टेकली तेव्हा मी मोठ्याने 'आई' म्हणाले. रेडिओचं बटण दाबलेलं नव्हतं, एवढं नशीब.

आई पनवेलच्या मच्छी बाजारात बसते. आमचं गाव खाडीकाठी होतं, ते विमानतळात गेलं. खाडीत भराव पडला आणि बाबांची होडीही गेली. बदल्यात मिळालेल्या प्लॉटचा तुकडा विकून मी विमान शिकायला लागले. दिवसा द्रोणागिरीच्या गोदामात कंटेनरच्या याद्या टाइप करायच्या, संध्याकाळी नवीन पनवेलच्या क्लासमध्ये हवामान आणि नकाशे, आणि सुटीच्या दिवशी घाट चढून धावपट्टी गाठायची. एअरलाइनची नोकरी माझ्या डोक्यात नव्हती. खाजगी परवाना हवा होता, स्वतःचं स्वतः विमान उडवता येईल एवढा. नातेवाईक म्हणाले, पोरीचं डोकं फिरलंय. आई म्हणाली, फिरू दे.

या परवान्यासाठी प्रत्येक उड्डाण वहीत नोंदवावं लागतं आणि त्यावर सरांची सही लागते. सही नसेल तर तुम्ही उडालातच नाही. आमच्या वह्या सरांच्या कपाटात असायच्या. मी का हसले, याचं उत्तर त्या कपाटात आहे.

घरी आल्यावर आईने माझे केस धुतले. एक खवला निघाला. तो तिने बोटावर धरून पाहिला. तोवर सरांनी व्हिडिओ क्लासच्या फेसबुक पानावर टाकला होता आणि कुणीतरी तो आईला पाठवला होता. तिने तो तीनदा पाहिला. मी वाट बघत होते, आता ती चिडेल आणि मग मला रडता येईल.

आईचा चेहरा उजळला.

"मासलीचा पानी," ती म्हणाली. "नव्या होरीला घालतात तसा. बग, त्यांना ठाव हाय."

नवी होडी पाण्यात उतरवली की बाबा पहिल्या फेरीच्या मासळीचं पाणी तिच्या पुढच्या टोकावर ओतायचे. आमच्या घरात याहून मोठा मान नाही. आईला वाटलं, या शिकलेल्या लोकांनी आमची रीत विचारून घेतली आणि तिच्या मुलीसाठी केली. दुसऱ्या दिवशी ती मोबाइल घेऊन आळीतल्या घराघरांत फिरली. बायांनी माझी दृष्ट काढली. मी गोदामाच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. रोज ठरवायचे, आज सांगू. रोज तिचं तोंड बघून गप्प बसायचे.

शुक्रवारी संध्याकाळी ती क्लासला आली. मला न सांगता. अंगावर ठेवणीतलं लुगडं, हातात कोलंबीच्या कालवणाचा मोठा डबा. सगळी बॅच बसलेली. तिने डबा टेबलावर ठेवला आणि सरांना हात जोडले.

"तुमी आमच्या पोरीला होरीचा मान दिला," ती म्हणाली. "तुमचे मोटे उपकार हायेत."

बिल्डरच्या मुलाने तोंड दाबून धरलं, पण त्याला आवरेना. मग मागची सगळी रांग हसायला लागली. आणि त्यांच्याबरोबर आईही हसली. काही न कळता, पाहुण्यांत हसतात तशी. मी धावपट्टीवर हसले होते तशीच.

ते मला सहन झालं नाही.

"आई, मान नाय दिला," मी म्हणाले. "थट्टा केली. तुझ्या धंद्याची."

सर म्हणाले की ती गंमत होती, आणि एवढं मनाला लावून घेणाऱ्यांनी विमानात बसू नये. आईने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तिने डबा उचलला, झाकण घट्ट आहे ना ते बघितलं आणि जिना उतरली. मी मागोमाग गेले.

रिक्षातून उतरताना तिने डबा माझ्या हातात दिला. मला वाटलं, घरी जाऊन पडून राहील. ती आळीत शिरली आणि पहिल्याच दारात उभी राहिली. "मी चुकीचा सांगितला," ती म्हणाली. "पोरीची थट्टा केली त्यांनी." मग दुसऱ्या दारात. जिथे जिथे व्हिडिओ दाखवला होता त्या प्रत्येक घरी तेच, तेवढंच. मी डबा धरून मागे चालत होते. तिला थांब म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

मी क्लासच्या मालकांना तक्रार लिहून दिली. चार दिवसांनी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर माझी वही होती आणि शेजारी टाइप केलेला कागद. जे झालं ते माझ्या संमतीने, गमतीत झालं, माझी काही तक्रार नाही, असं त्यावर लिहिलं होतं. सर चिडलेही नव्हते. पेनाचं टोपण काढून त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं.

"तू इथे सही कर, मी वहीवर करतो."

वही उघडीच होती. एकट्या उड्डाणाची ओळ, माझ्या अक्षरात. पुढचा रकाना रिकामा. खरं सांगते, मी पेन हातात घेतलं. मग आळीतली ती दारं आठवली. पेन खाली ठेवलं आणि निघून आले.

वही अजून त्यांच्याकडेच आहे. कागदोपत्री मी एकटी कधी उडालेच नाही. दुसरीकडे कुणी घेईल की नाही, माहीत नाही, हे लोक एकमेकांना ओळखतात. सगळं पहिल्यापासून करावं लागेल. करीन. त्या कागदावर माझी सही होणार नाही. आणि पुन्हा एकटी उतरेन त्या दिवशी, कुणी हसलं तर मी हसणार नाही.