मालकांच्या होडीतला दुसरा बिछाना

जालना जिल्ह्यात समुद्राची काळजी वाहणारा एकच माणूस होता आणि नेमका तोच माझा घरमालक निघाला. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी मास्तर म्हणून बदनापूरला आलो, तेव्हा मागची खोली दाखवायच्या आधीच त्यांनी विचारलं, "सर, वजन किती तुमचं?" मी म्हटलं, अठ्ठावन्न किलो. त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आकडा टिपला आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

मालक फायबरच्या टाक्या आणि कूलरचे ट्रे बनवत. अंगणभर साचे पालथे पडलेले, रसायनाचा वास वरणातही उतरलेला. बायको वारलेली, मुलगी लांब सासरी. अशा रिकाम्या घरात बसून त्यांनी फायबरची शिडाची होडी कागदावर आखायला घेतली होती. अठरा फूट लांब, आत दोन बिछाने आणि एक स्टोव्ह. रत्नागिरीहून निघायचं आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं गोवा गाठायचा. स्वतः समुद्र पाहिलेला एकदाच, तोही एका दुपारपुरता. पण विचार पक्का. शिडाची काठी मधून दुमडणारी, कारण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून रत्नागिरीला नेताना ती विजेच्या तारांना लागली तर?

आमच्याकडे नळाला पाणी आठवड्यातून एकदा, तेही लहर लागली तर. म्हणून मालकांनी होडीत पिण्याच्या पाण्याला सहाशे लिटरची टाकी काढली. हातभर लांबीचा नमुना केला, टाकीच्या हिशेबानं आत खिळे भरले आणि हौदात सोडला. तो सरळ तळाला जाऊन बसला. मी म्हटलं, "मालक, रोज कुठल्या ना कुठल्या बंदराला लागणार ना? तिथं मिळेल की पाणी."

"रोज?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "पाण्याचा बिलकुल भरवसा न्हाई, सर." शेवटी चाळीस लिटरवर तडजोड झाली, पण त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत.

दुसरा बिछाना माझा होता. मला कोणी विचारलं नव्हतं, पण सगळा तोल माझ्या अठ्ठावन्न किलोंवर साधलेला. टायफॉइडनं मी वाळलो तेव्हा मालक दोन्ही वेळा तूपभात घेऊन हजर. "खा, सर! होडी कलंडून राह्यली आपली." संध्याकाळी ओट्यावर बसून विचारायचे, उशी कोणत्या बाजूला पाहिजे? खिडकी केवढी? मी तोंडाला येईल ते सांगायचो. दिवसभरात त्यांच्याशी तेवढंच काय ते कोणी बोलत असे, हे मला दिसत होतं. तरी "बघू, मे महिन्यात" म्हणत मी पाच उन्हाळे ढकलले.

मग माझी जाफराबादला बदली झाली. सांगायला गेलो तर मालक खिडकीच्या मापातच होते.

"मंग मेमधी तिकडूनच येता का?"

आता खोटं बोलवेना. म्हटलं, "मला पोहता येत नाही, मालक."

"मला तरी कुठं येतं?" ते म्हणाले.

त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग खोडरबर घेऊन माझा बिछाना पुसला, उशीसकट, अगदी सावकाश. कागदावरचा चुरा फुंकला आणि स्वतःचा बिछाना मधोमध काढायला घेतला. "थांबा, येतो मी" एवढंच म्हणायचं होतं. जाफराबाद काही सातासमुद्रापार नव्हतं. पण मी दारात उभा राहून पाहत राहिलो, आणि त्यांनी मान वर केली नाही.