अश्फाकने माझ्या मुलीला टिग शिकवलं

अश्फाक आज पहाटे गेला आणि मला अजूनही त्याचा हेवा वाटतोय.

अशा पोस्टमध्ये हे लिहायचं नसतं, माहीत आहे. पण दुसरं काही सुचत नाहीये.

आम्ही दोघं आयटीआयला एकाच बॅचचे. वेल्डर ट्रेड.
नंतर तो कतारला गेला, मी इथेच राहिलो. परत आला तेव्हा मिरजोळे एमआयडीसीत त्याने शेड घेतली. नेमकी माझ्या समोरची.

माझा धंदा ग्रिल आणि गेटचा. स्टीलचं काम आलं की मी परत पाठवायचो. पातळ स्टीलला साधा रॉड लावला की भोक पडतं. त्याला टिग लागतं, म्हणजे गॅसच्या आडोशाने केलेलं नाजूक वेल्डिंग, आणि टिगचं मशीन माझ्याकडे नव्हतं.

त्याच्याकडेही नव्हतं. माझ्यासारखंच रॉडचं साधं डीसी मशीन.

एक दिवस त्याने त्याच मशीनला टिगची टॉर्च जोडली. टॉर्च मायनसला, अर्थची वायर प्लसला. बाजूला आर्गॉन गॅसचा सिलिंडर. गॅसची चावी टॉर्चवरच, हाताने उघडायची.

"ह्याला बटण नाही, पेडल नाही. आर्क पेटवणार कसा?" मी विचारलं.

"घासून," तो म्हणाला.

टॉर्चमधल्या टंगस्टनच्या काडीचं टोक त्याने पत्र्यावर हलकेच ओढलं आणि जरासं उचललं. आर्क पेटला. ठिणग्या नाहीत, तडतड नाही. डाव्या हाताने फिलरची तार देत देत तो पुढे सरकत गेला. मागे शिवण उमटली, माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक.

मग टॉर्च माझ्या हातात दिली.

टंगस्टन चिकटला. काढला, ग्राइंडरवर टोक केलं, परत लावला. परत चिकटला.

"मेल्या, रॉड ठोकतोस तसा ठोकू नको," तो म्हणाला. "काडीपेटीवर काडी ओढतात तसं ओढ."

शेवटी आर्क पेटला, तर माझी शिवण काळी पडली. मी टॉर्च ठेवली आणि ग्रिलकडे परत आलो. नंतर स्टीलच्या रेलिंगची गिऱ्हाइकं माझ्या दारावरून त्याच्याकडे जायला लागली. ते मी सहन केलं.

मानसीचं मात्र सहन झालं नाही.

मानसी माझी मुलगी. बारावीनंतर म्हणाली, मला वेल्डर व्हायचंय. मी अख्ख्या एमआयडीसीत सांगत सुटलो. थोडे दिवस माझ्या शेडवर आली आणि मग रस्ता ओलांडून समोर गेली.

माझ्या जागेवरून सगळं दिसायचं. मे महिना, आणि त्यांचा पंखा बंद. पंख्याच्या वाऱ्याने गॅस उडतो म्हणून. दोघं घामाने निथळत बसलेली.

"काका, चिकटला."

"चिकटू दे गो. सोडव, टोक कर, परत लाव."

"परत चिकटला."

"मग परत सोडव. घाई कुणाला आहे?"

शिवण संपवायची वेळ आली की तो तिच्याशेजारी उकिडवा बसायचा. "आता टॉर्च झटकून आर्क तोड. आणि लगेच परत तिथेच धर, बाय. गॅस चालू राहू दे. लाल आहे तोवर त्याला हवा लागता नये."

घरी जेवताना मी विचारलं, "मी काय वाईट शिकवत होतो?"

मानसी म्हणाली, "तुम्ही माझा हात पकडता, बाबा. काका पकडत नाहीत."

तिची आई हसली. मला जेवण गेलं नाही.

दोन-तीन वर्षांनी ऐन आंब्याच्या सीझनला एका कॅनिंगवाल्याचा मला फोन आला. आमरस आटवायचं स्टीलचं मोठं पातेलं तळाशी फाटलं होतं. बाहेर क्रेटवर क्रेट पिकलेला आंबा. गिऱ्हाईक माझं, पण काम टिगचं. नाइलाजाने अश्फाकला सांगितलं.

तो आला तोच मानसीला घेऊन. तोपर्यंत त्याची तब्येत उतरली होती, हात थरथरायचा. पातेल्याकडे एक नजर टाकली आणि टॉर्च तिच्या हातात दिली.

तिने घासलं. पहिल्याच झटक्यात आर्क पेटला.

ती वाकून शिवत होती. तो भिंतीला टेकून डोळे मिटून उभा. बघतही नव्हता. मी मात्र एकदाही नजर काढली नाही.

पाणी भरून बघितलं. थेंब गळला नाही.

मालकाने विचारलं, "कुणाची मुलगी?"

मी तोंड उघडायच्या आत अश्फाकने माझ्याकडे बोट केलं. "ह्याची. बापाचा हात आलाय तिला."

बापाचा हात. ज्याला टिग आजही जमत नाही त्या बापाचा.
एवढं खोटं तो सहज बोलून गेला, माझ्यासाठी. मला धड रागावताही आलं नाही.

मानसी आता कोचीला जहाजांच्या यार्डात आहे. तिथल्या भरतीच्या टेस्टला तिने वेल्ड केलेला पीस पास झाला तेव्हा पहिला फोन त्याला. मला दुसरा.

आज सकाळी मीच तिला कळवलं. बराच वेळ ती नुसती रडत होती. मग म्हणाली, "मी पोचत नाही, बाबा. माझ्या वाटणीची माती तुम्ही टाका."

दुपारी असरच्या नमाजानंतर दफन झालं. आधी तिच्या नावाची मूठ टाकली, मग माझी.
आणि तिथे उभं राहूनसुद्धा मनात आलं, माझ्या वेळी पोर एवढी रडेल का?

तिच्या हाताला तू जे दिलंस ते मला देता आलं नाही, अश्फाक. मला ते द्यायचं होतं, आणि ते तूच दिलंस, ह्याचा हेवा राहणार. ती आज स्वतःच्या पायावर उभी आहे, ह्याचे उपकारही राहणार.

शांत झोप, दोस्ता.
समोरच्या शेडवाल्याचा शेवटचा सलाम.