लाल कापडाखालची कादंबरी

श्रीमंत नायिकांच्या प्रेमकथा वाचणाऱ्या बाईचं डोकं रिकामं असतं, असं मानणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली. त्यातली बरीचशी माझ्याच घरात होती.

लग्न होऊन मी प्रताप नगरात आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "आपल्या घरात कादंबऱ्या चालत नाहीत. सुना बिघडतात त्यानं." बिघडणं म्हणजे नेमकं काय, ते त्यांनी सांगितलं नाही. मी तर माहेरूनच पुरती बिघडून आले होते. चौकात एक लायब्ररी होती, महिन्याच्या वर्गणीवर पुस्तकं मिळायची. भाजी आणायला गेले की पिशवीच्या तळाशी कादंबरी आणि वर सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी. घरी पोचेपर्यंत नायिकेच्या रेशमी साडीला सांभाराचा वास लागलेला असे.

आणायची सोय झाली, वाचायची नव्हती. ती सासूबाईंनीच करून दिली. त्यांनी मला एक पोथी दिली, आपल्या हातानं शिवलेल्या लाल कापडात बांधून. दुपारी देवघरात बसून ती वाचायची, आणि आंघोळ केल्याशिवाय त्या कापडाला कुणी हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. एवढी सुरक्षित जागा त्या घरात दुसरी नव्हती. मी आधी पोथीतल्या चार ओव्या वाचायचे. खरंच वाचायचे, देवाला मी कधी फसवलं नाही. मग पोथी मिटायची आणि तिच्याखालची कादंबरी उघडायची. सासूबाईंची अक्षरओळख बेताची. त्या जाता-येता थांबून हात जोडायच्या, आणि तेव्हा माझी नायिका विलायती गाडीतून उतरत असायची. नवऱ्याला ठाऊक होतं. तो गालातल्या गालात हसायचा, पण आईसमोर माझ्या बाजूनं बोलायची त्याची काही हिंमत झाली नाही.

पुढे लायब्ररी बंद पडली आणि मालकानं पुस्तकं विकायला काढली. माझी सगळ्यांत लाडकी कादंबरी मी घेऊन आले. तिची नायिका डोंगरावरच्या बंगल्याची एकुलती एक वारस. गळ्यात मोत्यांची माळ, दारात ड्रायव्हर, आणि जिला ती मावशी म्हणते ती तिची सख्खी आई. हे घरात सगळ्यांना ठाऊक, फक्त तिलाच नाही. ती कादंबरी लाल कापडात कायमची राहायला आली, आणि नातेवाइकांत मी भाविक सून म्हणून नावाजली गेले.

लोक म्हणतात, असल्या बायका खऱ्या आयुष्यात असतात कुठे? मी म्हणते, खऱ्या आयुष्याची मला काय टंचाई होती? पाणी भरणं, धुणं, भांडी, चारचौघांत हसून गप्प बसणं, हे सगळं मला दिवसभर फुकट मिळत होतं. तेच पुन्हा वाचायला वर्गणी कशाला भरू? मला ती बाई हवी होती, जिला कुणीतरी विचारतं की तुला काय हवंय, आणि जी सावकाश विचार करून उत्तर देते. मला त्या घरात चहा हवा का, एवढंही कुणी विचारलं नव्हतं. आणि घराण्याची गुपितं म्हणे खोटी वाटतात. आमच्या देवघरात एक बांधून ठेवलेलं होतं की.

सासूबाई गेल्या, काही वर्षांनी नवराही गेला. मुलानं शहराच्या कडेला, बेसाला, फ्लॅट घेतला. वास्तुशांतीच्या सकाळी सगळ्या सामानात मान मिळाला तो माझ्या गाठोड्याला. "आई, पोथी मीच नेतो. आंघोळ करून आलो मी," म्हणत मुलानं ते छातीशी धरून नेलं. मला हसू आवरत नव्हतं.

नव्या घरात खाप्याहून माझ्या थोरल्या नणंदबाई आल्या होत्या. सासूबाईंचे सगळे नियम त्यांच्याकडे वारशानं आलेले. माझी सून ओट्याशी भाजी चिरत होती, एका कानात इअरफोन. ती मोबाईलवर गोष्टी ऐकते. करोडपती घराण्यातल्या मुली, त्यांची प्रेमं, आजोबांनी लपवलेली लग्नं. ताईंनी तो इअरफोन काढून स्वतःच्या कानाला लावला आणि त्यांचा चेहरा कडू झाला.

"हे असलं ऐकून राहिली तू? अन् आजच्या दिवशी? तुझ्या सासूकडे पाह्य जरा. जन्मभर पोथीशिवाय दुसरं काही वाचलं नाही तिनं. काही शीक तिच्यापासून."

सुनेनं मोबाईल पालथा ठेवला आणि मान खाली घातली. तशी मान मी त्या जुन्या घरात वर्षानुवर्षं घातली होती. मला संताप आला. माझ्या गुपितानं आजवर कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. आता त्याचीच काठी करून माझ्या सुनेला हाणायला घेतली होती.

पूजा आटोपून गुरुजी गेले. शेजारच्या चार बायका बसल्या होत्या. ताईंनी गाठोडं माझ्यापुढे पाटावर ठेवलं. "आता तू एक अध्याय वाच वं. नव्या घरात तुझ्या पोथीचा आवाज झाला पाहिजे."

मी गाठ सोडली. वर खरी पोथी होती. ती वाचली असती तर कुणाला काही कळलं नसतं. मी भाविक राहिले असते आणि माझी सून बिघडलेली.

पोथीला नमस्कार करून मी ती देवापुढे ठेवली. खालची कादंबरी उचलली आणि खड्या आवाजात वाचायला लागले. नायिका गळ्यातली मोत्यांची माळ काढून आजोबांपुढे ठेवते आणि सांगते, हे घर माझं आहे, आणि लग्न कुणाशी करायचं ते मी ठरवीन. पान संपेपर्यंत मी थांबले नाही. मुलगा तोंड उघडं टाकून बघत होता.

"हे काय वाचून राहिली वं?" ताई म्हणाल्या.

"जन्मभर वाचलं तेच, ताई."

"माझ्या आईच्या कापडात? काहून असं केलं?"

"उघड्यावर वाचू दिलं असतं तर कापड लागलं नसतं."

मग मी ते लाल कापड झटकलं, नीट घडी घातली आणि त्यांच्या हातात दिलं. "तुमच्या आईचं आहे, घेऊन जा. आता मले लागत नाही."

ताई जेवल्या, पण माझ्याशी बोलल्या नाहीत. अजूनही बोलत नाहीत, आणि मी मनवायला जाणार नाही.

त्या दिवशी जेवणं झाली तेव्हा ताई लाल कापडाची घडी मांडीवर घेऊन हॉलमध्ये बसल्या होत्या. सून ओट्याशी उभी राहून इअरफोन कानाला लावत होती. मी तो तिच्या हातातून काढून घेतला.

"मोठ्यानं लाव वं," मी म्हटलं. "मलेही ऐकायचं आहे."