हॉकीकाकांची दोन मिनिटं

शिक्षेवर इतकं मनापासून प्रेम करणारा माणूस अख्ख्या जपानात दुसरा नसेल, आणि महाराष्ट्रात तर नाहीच नाही. सेंदाईतल्या आमच्या दोन मजली इमारतीत, वरच्या मजल्यावर, आमच्या शेजारच्या खोलीत ते राहायचे. पन्नाशीकडे झुकलेले, एकटे, शुद्ध शाकाहारी, मूळचे पुण्याचे. विद्यापीठात गंजावर संशोधन करायचे, म्हणजे लोखंडाचा तुकडा मिठाच्या पाण्यात ठेवून तो कसकसा खराब होत जातो याकडे वर्षानुवर्षं टक लावून बघणे हा त्यांचा व्यवसाय. आवाज इतका हळू की कोन्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात, त्यांनी "पिशवी नको" म्हटलेलं काउंटरवरच्या मुलीला कधीच ऐकू जायचं नाही, त्यामुळे त्यांच्या स्वयंपाकघरात पिशव्यांचा डोंगर साठला होता. झुरळ दिसलं तर ते त्याला कागदावर घेऊन जिन्याखाली सोडून यायचे. असा हा गृहस्थ आइस हॉकीतल्या धोकादायक धडकांच्या नादी लागलेला होता. माझी मुलगी त्यांना हॉकीकाका म्हणू लागली आणि मग आम्ही सगळेच म्हणू लागलो.

नादी लागले म्हणजे खेळाच्या, असं कुणी समजू नये. खेळाशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं. कोण जिंकलं हे त्यांना परतीच्या बसमध्ये कुणाला तरी विचारावं लागायचं. गोल होऊन सगळं प्रेक्षागृह उभं राहिलं की हे खाली वाकून पिशवीतला थालीपिठाचा डबा शोधत असायचे. पण एखाद्याने दुसऱ्याला पाठीमागून मैदानाच्या कडेच्या फळीवर आपटलं रे आपटलं, की थालीपीठ हातातच राहायचं. बर्फावर आदळणं हा त्या खेळाचा भागच आहे, पण आदळावं कसं याला कायदा आहे, आणि तो कायदा काकांना संध्येसारखा पाठ होता. कोपर वर आलं होतं का? बूट बर्फावरून उचलले गेले होते का? आधी डोकं लागलं की खांदा? समोरच्याने ऐन वेळी पाठ फिरवली का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, थांबायला वेळ होता का? मग व्यावसायिक लीगची शिस्तपालन समिती ती धडक पुन्हा पुन्हा बघून काही दिवसांनी निकाल द्यायची, अमुक खेळाडू इतके सामने बाहेर. दहावीच्या निकालासाठी आईबाप जसे अस्वस्थ होतात तसे काका तेवढे दिवस असायचे. निकाल लागला की आमच्या दारावर टकटक. "वहिनी, तीन मिळाले. मला चार वाटत होते. पण ठीक आहे, त्याने थांबायचा प्रयत्न केला होता."

२०११च्या मोठ्या भूकंपाला दोन वर्षं होऊन गेल्यावर मी नवऱ्याच्या पाठोपाठ सेंदाईला आले. त्या वेळी मला जपानी येत नव्हतं, आणि शेजारी एक मराठी माणूस आहे या आनंदात त्यांचं सगळं ऐकून घ्यायची मी सवय लावून घेतली. पुढे ही न्यायसंस्था आमच्या घरातच शिरली. मुलीने एकदा वाळूच्या खड्ड्यात एका मुलाला ढकललं आणि त्याच्या आईने, जपानी पद्धतीप्रमाणे, उलट माझीच माफी मागितली. मी घरी येऊन मुलीला धारेवर धरलं, तर काका दारात उभे. "वहिनी, आधी सुनावणी." मग त्यांनी प्रसंग संथ गतीने करून दाखवायला लावला. मी तो मुलगा झाले, माझा नवरा घसरगुंडी झाला. मुलगी पाय आपटत जपानीतच म्हणाली, "वाझातो जा नाई!" मुद्दाम नाही केलं. काकांनी गुडघ्यावर बसून गंभीरपणे विचारलं, "मान्य. पण थांबायला वेळ होता का?" मुलीने बराच विचार केला आणि मान डोलावली. दोन मिनिटं. हॉकीत साध्या चुकीला बाकड्यावर बसवतात तसं दाराजवळच्या बुटांच्या कपाटावर तिला बसवण्यात आलं, काका घड्याळ घेऊन शेजारी उभे राहिले आणि वेळ संपल्यावर त्यांनी हवेतलंच एक दार उघडून तिला बाहेर काढलं. रात्री जेवताना मी म्हटलं, "उद्या ढकललंस ना कुणाला, तर बघ." काका वरण ओतता ओतता थांबले. "वहिनी, शिक्षा भोगून झाल्यावर तोच विषय पुन्हा काढणं हा नियमभंग आहे. दोन मिनिटं." मला कपाटावर बसावं लागलं. आमच्या लग्नाच्या इतिहासात विषय संपण्याची ही पहिलीच वेळ असल्यामुळे माझ्या नवऱ्याने त्या दिवशी काकांना तीनदा भात वाढला.

कचऱ्याच्या बाबतीत तर त्यांनी कहर केला. आमच्याकडे प्लास्टिकचा कचरा उचलायच्या दिवशी कुणी चुकून पत्र्याचा डबा टाकला तर कचरागाडीवाले ती पिशवी तिथेच ठेवतात आणि तिच्यावर एक चिठ्ठी चिकटवून निघून जातात. कुणी कुणाला बोलत नाही. एकदा काकांच्या पिशवीवर अशी चिठ्ठी आली. दुसऱ्या कुणीही मान खाली घालून पिशवी आत नेली असती. काकांनी इमारतीतल्या प्रत्येक दाराची घंटी वाजवली आणि विचारलं, "माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला का? राग आला असेल तर कृपया बोला." लोक घाबरून वाकून नमस्कार करत दार लावून घेत होते. मी म्हटलं, "अहो, काय हे?" तर म्हणाले, "कुणी तरी घंटी वाजवून माझ्यावर ओरडायला हवं होतं, वहिनी. चिकटवतात आणि जातात. मग माणसाने करायचं काय?"

मला तेव्हापासून फार कुतूहल वाटायला लागलं. मुंगीलाही वळसा घालून जाणाऱ्या या माणसाला शिक्षेची एवढी ओढ कशाची?

शेवटी एका रविवारी मी त्यांच्यासोबत सामन्याला गेले. भूकंपात बंद पडलेली आमच्या गावातली रिंक केव्हाच पुन्हा सुरू झाली होती आणि लीगचे दोन संघ तिथे खेळायला आले होते. आत मरणाची थंडी. बर्फाच्या कडेला काचेच्या मागे एक छोटं बाकडं असतं, शिक्षा झालेला खेळाडू तिथे जाऊन बसतो, आणि त्याचं दार उघडायला-लावायला एक माणूस नेमलेला असतो. तो माणूस बघून मी चाटच पडले. ते आमचे घरमालक होते, तळमजल्यावर एकटे राहणारे, गुडघ्यांनी अधू, सत्तरीचे ओओया-सान! तरुणपणी स्वतः खेळायचे, समोरचे दोन दात त्याच काळात गेले, आता हौसेने हे काम करायचे. "आत बसलेल्याशी बोलायचं नाही, फक्त किती वेळ उरला तेवढं सांगायचं," काकांनी मला सांगितलं. "हे कधी एक शब्द जास्त बोललेले नाहीत."

दुसऱ्या सत्रात ती धडक झाली. एक धिप्पाड खेळाडू बाजूने, न दिसेल असा आला आणि त्याचा खांदा दुसऱ्याच्या डोक्यावर बसला. पडलेला मुलगा हलेना. मारणाऱ्याला थेट कपडे बदलायच्या खोलीत पाठवलं, आणि मग एक अजब गोष्ट घडली. त्याच्या संघातला दुसराच एक जण, ज्याने काहीच केलं नव्हतं, मुकाट्याने त्या बाकड्याकडे गेला. ओओया-साननी दार उघडलं. "नियमच आहे," काका पुटपुटले. "त्याची मिनिटं कुणीतरी बसून काढावीच लागतात." थोड्या वेळाने पडलेला मुलगा दोघांच्या आधाराने उठला, सगळ्या खेळाडूंनी टाळ्यांऐवजी काठ्या बर्फावर आपटल्या. मी काकांकडे पाहिलं तर ते बर्फाकडे बघतच नव्हते. त्यांची नजर त्या बाकड्यावर आणि दाराशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्यावर खिळली होती.

परत येताना बसमध्ये मी सरळ विचारलं, "काका, तुम्हाला हे एवढं का लागतं?"

त्यांनी थालीपिठाचा डबा पिशवीत ठेवला. मग बोलले. भूकंप झाला तेव्हा ते लॅबमध्ये होते. घरी येऊन बघितलं तर इमारत उभी, पण दार फटीएवढंच उघडलं, आतलं सगळं आडवं, पुस्तकांचं कपाट दाराच्या आत पडलेलं. वीज नाही, पाणी नाही, वर बर्फ पडतोय. कुणाच्या तरी गाडीत एक जागा होती, निईगाताला आणि तिथून पुढे विमानतळाकडे. "पाच मिनिटांत निघायचं होतं. मी निघालो. पुण्याला गेलो. खाली ओओया-सान होते, वहिनी. मी त्यांना सांगितलं नाही."

"घाईत राहून गेलं असेल."

"त्यांच्या दारावरूनच गेलो की. आत कंदील दिसत होता." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "पुढचं मला नंतर शेजाऱ्यांनी सांगितलं. ओओया-सान वर येऊन दार ठोठावत राहिले. कपाटामुळे दार ढकललं जाईना. मी त्याखाली आहे असं त्यांना वाटलं. त्या गुडघ्यांनी जिना चढत-उतरत होते, दिवसभर हाका मारत होते. शेवटी शेजाऱ्यांना गोळा करून दार फोडलं. मी तर आईच्या हातची खिचडी खात होतो."

काही महिन्यांनी काका परत आले तेव्हा नवं दार बसवलेलं होतं, काचा झाडलेल्या, पुस्तकं ओळीने लावलेली. ओओया-सान वाकून "ओकाएरी" म्हणाले, घरी आलेल्या माणसाला म्हणतात तसं, आणि नव्या कुलपाची किल्ली हातात दिली. दाराचे पैसेही घेतले नाहीत. काकांनी कितीदा माफी मागितली, पण म्हातारा हात हलवून "इइ, इइ" म्हणायचा, असू दे, असू दे. "माफ केलंय की नाही तेच कळत नाही. या खेळात बघा, चूक सांगतात, मिनिटं सांगतात, संपली की दार उघडतात. मी इतकी वर्षं सुनावणीची वाट बघतोय."

मला रडूही आलं आणि त्यांचा रागही आला. म्हाताऱ्याचा तर जास्तच.

पुढच्या वर्षी काकांना योकोहामाच्या एका कंपनीत नोकरी लागली. खोक्यांमध्ये पुस्तकं भरताना त्यांचा चेहरा असा होता की मला राहवेना. मी बेसनाचे लाडू घेऊन तळमजल्यावर गेले आणि बेकरीतल्या पार्ट-टाइम कामावर शिकलेल्या माझ्या जपानीत, जिच्यात पाव आणि सुटे पैसे यापलीकडे फारसं काही नव्हतं, ओओया-सानना म्हटलं, "ते वाट बघत आहेत. कृपया रागवा."

त्यांनी लाडू हातात धरून माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मला वाटलं, आपली खोली गेली. मग म्हणाले, "रागावलो होतो. खूप."

काकांच्या सेंदाईतल्या शेवटच्या रविवारी आम्ही सगळे सामन्याला गेलो. सामना संपला, लोक पांगले, बर्फ सारखा करणारी गाडी गोल गोल फिरू लागली. ओओया-साननी खालून हात केला. काका काचेपाशी गेले, मी आणि मुलगी मागोमाग. म्हाताऱ्याने बाकड्याचं दार उघडलं आणि ताठ उभं राहून पंचासारखं खणखणीत म्हटलं, "न सांगता निघून गेलात. दोन मिनिटं."

काका पांढरे पडले. आणि मग, माझा विश्वास बसेना, ते चक्क वाद घालू लागले. "दोन नाही, ओओया-सान. दोन साध्या चुकीला असतात. हे गंभीर आहे. थांबायला वेळ होता. पाच तरी द्या!"

"पंच मी आहे," ओओया-सान म्हणाले. "बसा."

काका बसले. गुडघ्यांवर हात ठेवून, शाळेतल्या मुलासारखे. म्हातारा दारापाशी घड्याळाकडे बघत उभा होता. अर्धा वेळ गेला असेल. मग जो माणूस तिथे कधी एक शब्द जास्त बोललेला नव्हता, तो घड्याळावरची नजर न हलवता बोलायला लागला. हळू बोलत होता, म्हणून मलाही समजलं.

"दार फोडलं. कपाट उचललं. खाली तुम्ही नव्हता. मला इतका आनंद झाला की मी तिथेच पुस्तकांवर बसून हसलो. शेजाऱ्यांना वाटलं, म्हाताऱ्याला वेड लागलं. राग दुसऱ्या दिवशी आला." आणि मग, "तो तुम्हाला द्यायला हवा होता. माझ्याजवळच ठेवला. चूक झाली."

काका ओक्साबोक्शी रडत होते. मुलीने मला हळूच विचारलं, "आई, काकांना लागलं का?" मी म्हटलं, "हो गं. बरं होईल आता."

वेळ संपला. ओओया-साननी बर्फाकडचं दार उघडलं, काका झटक्यात उठले, साध्या बुटांनी थेट ताज्या बर्फावर पाऊल टाकलं आणि धाडकन आडवे झाले. म्हातारा समोरच्या दोन दातांच्या खिंडीतून असा हसला की तो आवाज रिकाम्या रिंकमध्ये घुमत राहिला.

निघायच्या दिवशी काका खोक्यांसकट खाली उतरले, ओओया-सानच्या दाराची घंटी वाजवली आणि आपण घरातून निघताना म्हणतो तसं, "येतो," म्हणाले. मग तेच जपानीत. म्हाताऱ्याने दारात उभं राहून ते वळणाआड जाईपर्यंत हात हलवला. त्यांची खोली आता एका विद्यार्थ्याने घेतली आहे. तो चांगला मुलगा आहे, पण त्याला शिस्तीत काही रस नाही, आणि आमच्या घरचे विषय पुन्हा पूर्वीसारखे न संपता चालू राहतात.

सामन्याला आता मी आणि मुलगी जातो. खेळ मला अजूनही समजत नाही. रविवारी संध्याकाळी योकोहामाहून फोन येतो. कोण जिंकलं हे काका आजही विचारत नाहीत.

"वहिनी, आज आत कोण कोण बसलं?"

मी आठवेल तसं सांगते. ते मध्ये मध्ये "अरेरे" म्हणतात. मग हळूच विचारतात,

"आणि सगळे बाहेर आले ना?"

"आले," मी म्हणते. "ओओया-साननी दार उघडलं."