रेहानाच्या केकमधली मिरची

रेहाना गेल्याचा फोन तिच्या लेकानं, जावेदनं केला, तेव्हा रडू यायच्या आधी मला राग आला. तो अजून उतरलेला नाही. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाच्या घरच्यांबद्दल असं बोलू नये. मी बोलणार. आमची दोस्ती तेवढी जुनी होती.

शहागंजच्या मागच्या गल्लीत आमच्या दोन घरांत एकच भिंत होती. रेहाना ऑर्डरीचे केक करायची. सुरुवातीला ओव्हन नव्हता, तेव्हा ईदच्या नानकटाया भाजून आणतात तसा केकचा ट्रेही ती बेकरीच्या भट्टीवर न्यायची, आणि सोबतीला मी. तिचा खास केक चॉकलेटचा. त्यात दालचिनी आणि लाल मिरचीची पूड. वरून दौलताबादच्या सीताफळाचा गर, नाहीतर डाळिंबाचे दाणे, आणि फेटलेली गार साय. आमच्या ह्यांनी पहिल्यांदा विचारलं, हा केक आहे का ठेचा? आधी खा, मग बोला, असं तिनं सुनावलं. ह्यांनी खाल्लं, नाक पुसलं आणि गुमान ताटली पुढं केली. आधी गोड लागायचं, मग घशाशी जाळ, अन् मग ती साय... मिरची कमी कर म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ती सरळ दुसऱ्या बेकरीचा पत्ता सांगायची.

अशा बाईला शेवटी शेवटी काय, तर दुधीचा रस आणि मऊ भात! जावेद एकुलता एक, आईवर जीव टाकणारा. त्यानं तिखट बंद केलं, गोड बंद, साय बंद. ती केकची आठवण काढायची आणि हा ऐकलं न ऐकलं करायचा. शेवटी मीच तिच्या पद्धतीनं केक केला, सीताफळ-साय घालून स्टीलच्या डब्यातून नेला. झाकण उघडलं तसं तिनं डोळे मिटून वास घेतला. तेवढ्यात जावेदनं डबा उचलला. म्हणे, मावशी, डॉक्टरांनी मना केलंय. आणि गेला की फ्रिजमध्ये ठेवायला! मी उठलेच भांडायला, तर रेहानानं माझा हात धरला.

"राहू दे गं, सुलभा. तो मना करतोय तोवर त्याला वाटतंय, मी बरी होणार. वाटू दे की."

त्याच आठवड्यात ती गेली.

दफनानंतर काही दिवसांनी मी जावेदला गाठलंच. म्हटलं, एका घासानं काय बिघडलं असतं रे? तो म्हणाला, डॉक्टरांनी मना केलंच नव्हतं. उलट सांगितलं होतं, आता आवडेल ते खाऊ घाला.

"केक दिला असता, तर अम्मीला कळलं नसतं का, मावशी?"

डॉक्टर असं कधी म्हणतात, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं, आणि रेहानाला कळलं नव्हतं होय? आई लेकाला जपत होती, लेक आईला जपत होता, आणि केक फ्रिजमध्ये वाळत होता. जळो मेलं ते जपणं! बाई तिच्या आवडीच्या एका घासावाचून गेली.

परवा जावेद माझा डबा परत द्यायला आला. रेहानाच्या घरून डबा कधी रिकामा आला नाही, आताही नव्हता. तिच्या ओव्हनमध्ये त्यानं स्वतः केक केला होता. एका बाजूनं जरा करपलेला, पण सीताफळ, साय, सगळं होतं. ताटल्या मांडल्या, पहिला घास घेतला... आणि थांबले. मिरची कुठंय रे?

"नाय टाकली, मावशी. तुमचं बीपी..."

मी उठले. मिसळणाचा डबा आणून त्याच्यासमोर तिखटाची एक चिमूट माझ्या तुकड्यावर सोडली, एक त्याच्या. म्हटलं, खा. त्यानं खाल्लं. खोकला, नाक पुसलं. मग ताटली पुढं केली.

"अजून एक चिमूट," म्हणाला.