लाल टिकली कुठे लावायची

गंगाखेडच्या स्टँडवर गाडी लागली, माझं सामान वर चढलं, आणि दादांनी खिडकीतून हात आत घालून माझा मोबाईल मागितला. दादा म्हणजे माझे वडील. मला वाटलं, नंबर बिंबर लिहून देणार असतील. त्यांनी फोन उलटासुलटा करून बघितला आणि कंडक्टरच्या समोर तो बंद करून मला परत दिला.

"बंदच राहू दे. वाटंत कुणी फोन करून काही इचारलं, तर काय सांगशील?"

लग्नाला वीस दिवस झाले होते. आमचे हे भोसरीला एका वर्कशॉपमध्ये मशीनवर होते. त्यांची रजा संपली म्हणून ते पुढे गेले होते आणि मी मागून एकटी निघाले होते. आई रडत होती, पण तिला काळजी लोणच्याच्या बरणीची होती. दादांना काळजी फोनची. गाडी सुटली आणि नऊ तास मी तो बंद फोन मांडीवर धरून बसले. शिवाजीनगरला उतरून फोन चालू केला तेव्हा नवऱ्याचे सतरा मिस्ड कॉल येऊन पडले होते. मला न्यायला आलेले ते फक्त "अगं" म्हणाले आणि पुढे चालायला लागले.

गावाकडच्या माणसांनो, आणि माझ्यासारख्या इकडे आलेल्यांनो, माझी भीती कुठून आली ते तुम्हाला सांगते. दादा आमच्या शाळेत शिपाई. शाळेला तीन कॉम्प्युटर आले होते. त्यांना शिवलेल्या कापडाच्या टोप्या होत्या. दादा रोज सकाळी टोप्या काढायचे, पुसायचे, परत घालायचे. दसऱ्याला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. ते चालू झालेले मी शाळेत असेपर्यंत दोनदा पाहिले, दोन्ही वेळा साहेब तपासणीला आले होते. मी जवळ गेले की दादा म्हणायचे, "हात लावू नकु, बिघडंल." बारावीनंतर मी कॉम्प्युटरचा कोर्स केला, सर्टिफिकेट मिळवलं, तरी आजही कुठलं बटण दाबायच्या आधी माझं बोट हवेत अर्धा क्षण थांबतं. आमचे हे हसतात. "दाबल्यानं काय बाँब फुटतो का?" त्यांचं बरं आहे. ते मोबाईलवर जेवण मागवतात, सिनेमा बघतात, मिक्सरसुद्धा दुरुस्त करायचा व्हिडिओ बघून दुरुस्त करतात, आणि मग मिक्सर चालत नाही.

भोसरीच्या खोलीत मला सगळ्याची भीती वाटली. समोरच्या सोसायटीच्या लिफ्टची. "तुमचं बँक खातं बंद होणार आहे" असं गोड आवाजात सांगणाऱ्या बाईची. मी एकदा ज्वारीचं पीठ शोधलं तर दिवसभर पिठाच्याच जाहिराती दाखवणाऱ्या फोनची. मला वाटायचं कुणीतरी आत बसून ऐकतंय. गावी असताना भीती वाटली तर माणसाची वाटायची, सापाची वाटायची. ती दिसायची तरी.

चाकणच्या ज्या कंपनीत मला काम लागलं तिथे गेटवर चेहऱ्याची हजेरी होती. मशीनसमोर उभं राहायचं, ते आपल्याला बघतं, हिरवा दिवा लागतो. मी डोक्याला स्कार्फ गुंडाळून कंपनीच्या बसमधून उतरायचे आणि मशीन मला ओळखायचं नाही. मागे रांग, पुढे लाल दिवा. रोज सकाळी मला वाटायचं, आज हे म्हणणार, ही बाई आमची नाहीच.

आम्ही गाडीच्या ब्रेकच्या पेडलला लागणारा एक ब्रॅकेट बनवायचो. माझं काम शेवटच्या तपासणीचं. प्रत्येक क्रेटमधले पीस गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, घालून बघायचे, भोक सरळ आहे की नाही ते पाहायचं आणि कॉम्प्युटरवर पास किंवा रिजेक्ट दाबायचं. मग बाजूच्या प्रिंटरमधून स्टिकर निघायचा, तो क्रेटला चिकटवायचा.

हे काम मला शिकवलं मंगलताईंनी. त्या चाकणच्या अलीकडच्याच एका गावच्या, पन्नाशीच्या. घरी थोडी शेती, नवरा अर्धांगाने बसलेला, आणि घरात रोज कामाला जाणाऱ्या त्या एकट्याच. भोक तिरकं असलं की त्यांना गेजमध्ये घालायच्या आधीच अंगठ्याला कळायचं. "हात फिरव. टोचतंय का? टोचलं तर न्हाई घ्यायचं. गेज मागून." त्यांना मराठी वाचता यायचं, इंग्रजी अजिबात नाही. आणि त्या ठेक्यावर असल्यामुळे त्यांना कॉम्प्युटरचा आयडी मिळाला नव्हता. आमच्या टेबलावर आयडी एकच, माझा. सकाळी कुठल्यातरी पोरीने माझा पासवर्ड टाकायचा की दिवसभर सगळ्यांचं काम माझ्या नावावर. माझा पासवर्ड अख्ख्या लाइनला पाठ होता. लाइनच्या साहेबांनाही माहीत होतं. काम अडत नव्हतं, म्हणून कुणी बोलत नव्हतं.

ताईंना बटणं सापडायची नाहीत. वरच्या ओळीतली बटणं सगळी एकसारखी, त्यांच्यावर इंग्रजी अक्षर आणि आकडा. म्हणून एक दिवस मी माझ्या पाकिटातल्या टिकल्या काढल्या. पासच्या बटणावर हिरवी लावली, तिच्या उजवीकडच्या बटणावर लाल, रिजेक्टची. ताई खूश झाल्या. "आता कसं, माझ्या कपाळावानी झालं," म्हणाल्या आणि धडाधड काम करायला लागल्या. मला फार अभिमान वाटला होता. कोर्सच्या सरांनाही हे सुचलं नसतं, असं मी रात्री ह्यांना सांगितलं.

पुढच्या वर्षी दादांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि मी तीन दिवसांची रजा काढून गावी गेले. दादांच्या डोळ्याला पट्टी, मी त्यांना चहा पाजत होते, आणि फोन वाजला. लाइनच्या ग्रुपवर साहेबांनी एक फोटो टाकला होता. आमचे ब्रॅकेट घेणाऱ्या मोठ्या कंपनीकडून तक्रार आली होती: एका क्रेटमधल्या ब्रॅकेटची भोकं तिरकी. क्रेटवर पासचा स्टिकर. खाली माझं नाव, माझा आयडी, कालची तारीख. आणि साहेबांचा निरोप, उद्या सकाळी भेट.

मी कप खाली ठेवला. दादांनी विचारलं, "कुणाचाय?" मी म्हणाले, जाहिरात आहे. दादा हसले. "म्हणून म्हणतो, बंद ठेवत जा."

परतीच्या गाडीत मी खिडकीतून फक्त गाड्यांचे मागचे लाल दिवे बघत होते. पुढच्या प्रत्येक गाडीने ब्रेक दाबला की वाटायचं, ह्यात आपला ब्रॅकेट असेल का? तो तुटला तर? मला माहीत होतं की एवढ्या लवकर तो माल गाडीला लागून रस्त्यावर येत नाही. पण माहीत असणं आणि न घाबरणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घाबरट माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. एकीकडे माझ्या आयडीवर दिवसभराच्या नोंदी, दुसरीकडे चेहऱ्याची हजेरी, त्यात मी गैरहजर. ज्या मशीनला मी वर्षभर शिव्या दिल्या त्यानेच मी तिथे नव्हते हे सांगितलं होतं. साहेब म्हणाले, "तू रजेवर होतीस. मग तुझा आयडी चालवला कुणी?"

मला कुणी चालवला ते ठाऊक होतं. साहेबांनाही अंदाज होता. त्यांना फक्त ते माझ्या तोंडून हवं होतं. मी म्हणाले, "माहीत नाही सर." दुपारपर्यंत विचार करून सांग, म्हणाले. आयडी दुसऱ्याला वापरू देणं हाच मोठा गुन्हा आहे, हेही म्हणाले. परवापर्यंत ती आमची रोजची रीत होती.

चहाच्या सुट्टीत मी ताईंना आडून आडून विचारलं, परवा माल कसा होता? ताई शांतपणे पाव बुडवून खात होत्या. त्यांना तक्रारीचं काही माहीत नव्हतं, ग्रुपवरचं इंग्रजी त्या बघायच्याच नाहीत.

"वंगाळ व्हता. तीन क्रेट मी रिजेक्ट केले. भोक पार तिरकं. माझ्या हातानं लाल दाबलं आन् लाल रॅकवर ठिवले."

तीन. साहेबांच्या फोटोत एक होता.

मी टेबलाकडे पळाले. हिरवी टिकली जागेवर होती. लाल टिकली हिरवीच्या उजवीकडे हवी होती, ती डावीकडे होती. तेलाच्या हातांनी ती निघाली असणार, आणि ताईंनी ती नीट पुसून, दाबून, पुन्हा लावली होती. चुकीच्या बाजूला. डावीकडचं बटण म्हणजे मागचीच नोंद परत. मागची नोंद पास, म्हणून प्रत्येक वेळी पासचाच स्टिकर निघाला. दोन्ही स्टिकर पांढरे, सगळं इंग्रजी, रेघारेघांचा बारकोड. ताईंना फरक कळणार कसा? क्रेट नापास मालाच्या लाल रॅकवर होते खरे, पण माल भरणारा माणूस हल्ली रॅक बघत नाही, त्याच्या हातातलं स्कॅनर बघतो. ते हो म्हणालं की त्याने गाडीत चढवले.

म्हणजे अजून दोन क्रेट तिकडे कुठेतरी होते आणि ते कुणालाच माहीत नव्हतं.

इथे मी काय केलं ते मला लिहायचं नव्हतं. ताई दहा पावलांवर बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे गेले नाही. त्यांच्या तोंडाकडे बघितलं असतं तर माझी हिंमत गेली असती, असं मी स्वतःला सांगते. खरं म्हणजे मला फक्त माझ्या अंगावरून ते ओझं उतरवायचं होतं. मी सरळ केबिनमध्ये घुसले आणि एका दमात बोलले. मंगलताई, तीन क्रेट, टिकली, डावीकडे. साहेबांनी लगेच फोन लावला. उरलेले दोन क्रेट तिकडच्या स्टोअरमध्ये बंद सापडले, एकही पीस गाडीला लागला नव्हता. मी केबिनबाहेर येऊन उभी राहिले.

नंतर साहेबांनी ताईंना बोलावलं. काचेतून दिसत होतं. ताईंनी एकदाच मागे वळून माझ्याकडे बघितलं. त्या रागावल्या नव्हत्या. काय झालं ते त्यांना अजून उमगत नव्हतं, आणि ते त्यांना माझ्याऐवजी साहेब सांगत होते.

मला लेखी ताकीद मिळाली. ताईंना ठेकेदाराने सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं. टिकल्या खरवडून काढल्या, आयडीसाठी बोटाचा ठसा आला. टिकल्या माझ्या, आयडी माझा, आणि घरी बसल्या त्या. मी साहेबांना हे सांगायला हवं होतं. तीनदा केबिनपर्यंत गेले आणि परत आले.

ताई मेसेज वाचत नाहीत, ऐकतात. मी सात वेळा आवाज रेकॉर्ड केला, पुसला. आठव्यांदा फक्त "ताई, मी येऊ का?" एवढंच पाठवलं. त्यांनी ऐकल्याची खूण आली. उत्तर आलं नाही. त्याची भीती मला साहेबांच्या ताकिदीपेक्षा जास्त वाटली. दोन रविवार वाट बघितली आणि तिसऱ्या रविवारी चाकणहून शेअर रिक्षा करून त्यांच्या गावी गेले.

ताई ओसरीवर कांदे निवडत होत्या. आत खाटेवर त्यांचे मालक पडले होते, टीव्ही चालू होता.

"का गं, वाट चुकलीस का?"

मी उंबऱ्याबाहेर उभीच. ताईंनी दोन कांदे बाजूला टाकले.

"नाव घेतलंस त्याचं मला न्हाई काय. घ्यायाच पायजे व्हतं, बिरेकचं काम हाय. पन पयलं मला येऊन सांगायचं व्हतंस. मी काय पळून जानार व्हते व्हय?"

"भ्याले होते ताई."

"आन् मी? मला काय भ्या न्हाई वाटत?"

मी रडायला लागले. त्यांनी समजूत काढली नाही. म्हणाल्या, "चपला आत घे. कुत्रं न्हेतं." मी चपला आत घेतल्या आणि त्यांच्याबरोबर कांदे निवडायला बसले.

दादांचा डोळा आता बरा आहे. व्हिडिओ कॉलवर ते स्क्रीनच्या इतके जवळ येतात की मला फक्त त्यांचं कपाळ दिसतं. सगळं बरं आहे ना, विचारतात. मी हो म्हणते. त्या घराला खरं सांगायची सोय मी निघाले त्या दिवशीच संपली. मी भ्याले म्हटलं तर ते माझ्याहून जास्त भितील. भोसरीची खोली माझी आहे, पण तिथे मी भ्याले म्हटलं की हे हसतात. मी आता महिन्यातून दोन रविवार ताईंकडे जाते. त्यांना दुसरं काम अजून मिळालेलं नाही. त्या ते मला ऐकवत नाहीत, मीही विसरत नाही.

पुढच्या महिन्यात आमच्या टेबलावर कॅमेरा बसतोय. भोक सरळ की तिरकं हे तोच बघणार आहे, आणि तो चुकत नाही म्हणतात. टेबलावर मग माणूस लागेल की नाही, कुणी सांगत नाही. मला खूप भीती वाटते. पण मला काढलं, तर ते पहिलं कुणाला जाऊन सांगायचं, हे आता मला माहीत आहे.